दिवा बिघडल्याचा निरोप

अप्पांच्या सोप्यातला टांगता दिवा एका वर्षात चार वेळा बिघडला. त्यातला पहिला बिघाड खरा. पुढचे तीन अप्पांनी स्वतःच्या हातानं केले. साठीला टेकलेल्या, गावात चार माणसं ज्याचा सल्ला घेतात अशा माणसानं असलं काही करावं, याची त्यांना लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दिवा आणला तो लेकीच्या, प्रयागच्या लग्नासाठी, चौतीस सालच्या वैशाखात, बारामतीच्या पेठेतून. खाली घासलेटाची पितळी टाकी, तिच्यावर जाळीदार तोंड, मग उंच काच, वर पांढरी छत्री आणि टांगायला तीन साखळ्या. मांडवात तो पेटला तेव्हा सांगवीतली निम्मी माणसं नवरीला सोडून त्याच्याकडंच बघत बसली. लग्न झालं, मांडव उतरला, लेक अंथुर्ण्याला नांदायला गेली आणि दिवा अप्पांच्या सोप्यात तुळईला टांगला गेला. उजेड भरपूर, पण त्या उजेडात बघायचं कुणाला? नवराबायको एकमेकांना चाळीस वर्षं बघत आली होती.

प्रयाग एकुलती एक. चालायला लागली तशी ती अप्पांच्या मागं मळ्यात असायची. अप्पांनी मेथी उपटायची आणि तिनं बांधावर बसून जुड्या बांधायच्या, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. आता मळ्यात अप्पा एकटेच. कधी वांग्यांशी बोलायचे, कधी बैलांशी, आणि कुणी वाटसरू दिसला की खोकल्याचं सोंग करायचे. त्यांची बायको द्वारकाबाई निदान रडून मोकळी व्हायची. अप्पांना रडता येत नव्हतं आणि लेकीची आठवण येते हे एवढं साधं बोलणं त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

अंथुर्णं काही सातासमुद्रापलीकडं नव्हतं. बैलगाडीनं दिवसभराचा रस्ता. पण जाऊन उपयोग काय? लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. अप्पा एकदा जाऊन आले होते. ओसरीच्या कडेला कोरड्या घशानं बसले. प्रयाग डोक्यावरून पदर ओढून आतल्या दारात उभी राहिली. सासूपुढं ती काय बोलणार आणि व्याह्यांच्या दारात अप्पा काय बोलणार?

"बरं हाय का?"

"बरं हाय."

एवढं बोलून अप्पा उठले आणि गावाबाहेर पाटावर येऊन ओंजळीनं पाणी प्याले. सासूनं, बनाबाईनं, तर लग्नातच सांगून ठेवलं होतं, "सणाला धाडीन. मधल्या वक्ताला न्हाय. माझ्या बी घरात कामं हायती." बनाबाई वाईट नव्हती. करारी होती, आणि शब्द दिला की इकडचा तिकडं होत नसे, इतकंच.

लग्नाला वर्ष उलटून गेलं आणि दिवा पहिल्यांदा बिघडला. पेटवला की तडतडायचा, काळा धूर सोडायचा, काच काजळायची, आणि घटकाभरात मान टाकायचा. वातीचं टोक कापलं की एक दिवस बरा चालायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अप्पांनी तो बारामतीच्या पत्रेवाल्याकडं नेला. तिथं हा पठ्ठ्या शहाण्या मुलासारखा जळला. पत्रेवाल्यानं तरीही वरून खालून निरखून, दिव्याचं सगळं तोंडच बदलावं लागेल आणि ते पुण्याहून येईल, असं सांगून टाकलं.

"पोरीला इचारा की," द्वारकाबाई म्हणाली. "तिला लई कळतं दिव्यातलं."

ते खरं होतं. जावई झुंबर मळा सांभाळून अंथुर्ण्याजवळच्या पाटाच्या सरकारी बंगल्यावर दिवाबत्तीला होता. नावासारखंच काम मिळालं म्हणून सगळे त्याची चेष्टा करत. साहेब मुक्कामाला यायचा असला की तो बंगल्यावरचे दहा-बारा दिवे घरी आणायचा, आणि ते खोलायचं, पुसायचं, जोडायचं काम हळूहळू प्रयागकडं आलं होतं.

निरोप जळोचीच्या बिरूबरोबर गेला. बिरूनं मेंढरं विकून बैलगाडी केली होती आणि बारामती ते इंदापूर माल वाहत तो सगळ्या रस्त्याच्या खबरा वाहायचा. लग्नातला दिवा बिघडलाय, असा निरोप. बनाबाईच्या मनाला ते लागलं. ज्या दिव्याखाली आपल्या लेकाच्या डोक्यावर अक्षता पडल्या तो अंधारात ठेवणं तिला बरं वाटेना. चार दिवसांसाठी तिनं सून धाडली.

प्रयागनं दिवा खाली काढला, तोंड उघडलं, वात नाकाशी नेली आणि म्हणाली, "आई, ह्याला दूध कोण पाजतंय?"

द्वारकाबाई गोरीमोरी झाली. दिवा फुंकून विझवू नये हे तिला आईनं शिकवलेलं. देवापुढचं निरांजन ती दुधाच्या थेंबानं शांत करायची, तसंच रोज झोपताना ती ह्यालाही करत होती. वात बारीक करून, फडक्यानं काच काढून, बोट दुधात बुडवून एक थेंब. तो थेंब वातीवर जळायचा आणि त्याची खरपूस साय धरायची. पत्रेवाल्याकडं दूध पाजायला कुणी नव्हतं, म्हणून तिथं दिवा बरा चालला. प्रयाग हसता हसता खाली बसली.

"अगं, नुसती वात खाली घ्यायची. पार खाली. आपली आपण शांत व्हती. पाप न्हाय लागत."

काम एवढंच. पण त्याचे चार दिवस अप्पांना पुरून उरले. लेक पहाटे मळ्यात आली, बांधावर बसली, सासरच्या म्हशीपासून साहेबाच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगत सुटली. अप्पा नुसते "हं, हं" करत होते. पाचव्या दिवशी बिरूची गाडी आली आणि ती गेली. संध्याकाळी दिवा लावला, तो कसा लखलखीत, स्थिर. अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यांना त्याचा राग आला.

दोन महिने त्यांनी वाट पाहिली. दिवा आपण होऊन काही बिघडेना. मग एका दुपारी अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन दिव्याशी गेले.

"अवं, तितं काय करताय पानी घिऊन?" द्वारकाबाईनं चुलीपुढून विचारलं.

"पुसतुय."

पुसायला टाकीचं तोंड उघडावं लागत नाही हे द्वारकाबाईला कळत होतं. ती भाकरी थापत राहिली. उलट संध्याकाळी दिवा तडतडून विझला तेव्हा शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई बाई, बिघडला की गं पुन्ना!"

प्रयाग आली. तिनं घासलेट बाटलीत ओतून बाटली उन्हात धरली. तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसत होता.

"अप्पा, ह्यात पानी कुठनं आलं?"

"दुकानदार लबाड," अप्पा म्हणाले. सांगवीचा तो दुकानदार गरीब, देवभोळा माणूस. त्याची मनातल्या मनात माफी मागून अप्पा लेकीशेजारी बसले. वात दोन दिवस उन्हात वाळवावी लागली, टाकी पालथी घालून ठेवावी लागली. पाण्याचं हे काम अप्पांना फार पसंत पडलं.

तिसऱ्या वेळी मात्र गणित फसलं. अप्पांनी दिव्याच्या जाळीत चिमूट चिमूट हळद दाबली. जाळीची भोकं बुजली की दिव्याला खालून वारा मिळत नाही आणि तो गुदमरतो, हे लेकीनंच त्यांना शिकवलं होतं. पकडलं गेलं तरी द्वारकाबाई दर शुक्रवारी दिव्याला हळदकुंकू वाहते, ही सबब तयार होती. बिरू निरोप घेऊन गेला, आणि परत आला तो गाडीत जावयाला घेऊन.

"आई म्हनली, एवढ्यातेवढ्याला तिला कशाला? तूच जाऊन ये," झुंबर म्हणाला. "मामा, दिवा कुठाय?"

बाभळीच्या काट्यानं त्यानं सगळी भोकं मोकळी केली. अर्धा तास लागला नसेल. अप्पांनी जावयाला पुरणपोळी खाऊ घातली, नवा पटका दिला आणि वेशीपर्यंत पोचवायलाही गेले. परत येऊन ते सोप्यात खांबाला टेकून बसले, ते जेवायला उठले नाहीत.

"अवं, दिवाळीला येईल की," द्वारकाबाई म्हणाली.

"दिवाळीला आजून चार महिनं हायती," अप्पा म्हणाले. त्यांनी ते मोजलेले होते.

म्हणूनच चौथ्या वेळी त्यांनी असं काहीतरी करायचं ठरवलं की जे जावयाला सापडू नये. भोकं नाहीत, पाणी नाही. टाकीच्या आत वातीचं जे शेपूट घासलेटात लोंबतं, ते त्यांनी बाहेर ओढलं, केळीच्या खोडाच्या भिजवलेल्या सोपटानं आवळून बांधलं आणि परत आत सोडलं. आता तेल वर चढणार नाही. वरून वात नवी, जाळी साफ, तेल शुद्ध. बघणाऱ्यानं डोकं फोडून घ्यावं! अप्पा स्वतःवर खूश झाले. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. त्यांच्या हातांना बांधायची एकच तऱ्हा ठाऊक होती, दोन वेढे आणि शेपूट आत खोचलेलं. उभा जन्म मेथीच्या जुड्या बांधण्यात गेलेला, हातांनी दिव्याचीही जुडीच बांधली.

बिरू आता निरोप ऐकून गालात हसायला लागला होता. "अप्पा, दिव्याला कुनाची दिष्ट लागली म्हनायची?"

"तू निरोप दे," अप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना गाडी दारात उभी राहिली. प्रयाग उतरली. अप्पांचा चेहरा उजळला. मग तिच्या मागून, लुगड्याचा काष्टा सावरत, बनाबाई उतरली.

द्वारकाबाईची तारांबळ उडाली. पाय धुवायला पाणी, गूळ, घोंगडी. बनाबाईनं पाय धुतले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि घोंगडीवर न बसता तुळईखाली जाऊन वर बघत उभी राहिली.

"ह्योच का त्यो? वर्सात चार डाव बिघडनारा? म्हनलं, बघावं तरी. परयाग, काढ खाली. माझ्या म्होरं उघड."

आजवर अप्पांना वाटलं होतं, फार तर काय होईल, हसं होईल. आता त्यांना नीट दिसलं की हे जर उघडं पडलं तर बनाबाई पुन्हा कुठल्याच निरोपावर विश्वास ठेवणार नाही. लेक सणाची होऊन बसेल, आणि सणालासुद्धा येईलच असं नाही.

प्रयागनं पोत्यावर बसून दिवा उघडला. काच बाजूला ठेवली, जाळी फुंकून पाहिली, घासलेट बाटलीत ओतून उजेडात धरलं. सगळं चोख. मग तिनं वात टाकीतून बाहेर ओढली आणि तिचा हात थांबला. क्षणभर ती हातातल्या त्या ओल्या सोपटाकडं बघत राहिली. मग तिनं मूठ मिटली.

"काय गं?" बनाबाई म्हणाली.

"काय न्हाय, आत्याबाई. वात कुजलीया. चूक माझीच. मागल्या वक्ताला मी ओलीच घातली व्हती."

मागच्या वेळी ती आलीच नव्हती, आला होता झुंबर. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. पण अप्पांना ते खोटं ऐकून भरून आलं. लेक त्यांचं पाप स्वतःच्या पदरात घेत होती, आणि तेही सासूच्या तोंडावर.

"मूठ उघड," बनाबाई म्हणाली.

प्रयागनं अप्पांकडं पाहिलं. मग मूठ उघडली.

बनाबाई माळ्याच्या घरात जन्मली, माळ्याच्या घरात आली. तिनं ती गाठ बोटावर घेतली, उलटीपालटी केली, शेपूट ओढून पाहिलं. "जुडी तर झ्याक बांधलीया," ती म्हणाली. "आता दिव्याच्या पोटात मेथी कुनी पेरली, एवढं सांगा."

द्वारकाबाई छताकडं बघायला लागली. दारात बैलांना वैरण टाकणारा बिरू एकदम वैरणीत फारच गुंतला. उंदीर म्हणावं, भूत म्हणावं, अप्पांच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. पण लेकीची उघडी मूठ समोर होती.

"म्या बांधली," अप्पा म्हणाले.

"आन पानी?"

"म्याच."

"हळद?"

अप्पांनी मान डोलावली.

"कशापायी, व्याहीबुवा?"

याचं उत्तर अप्पांना वर्षभर देता आलं नव्हतं.

बनाबाई घोंगडीवर बसली. बराच वेळ ती ते सोपट बोटाभोवती गुंडाळत राहिली. आता ती ओरडणार म्हणून सगळे वाट बघत होते, पण बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आलेला होता.

"माझी छबू करमाळ्याकडं दिलीया. दोन वर्सं झाली, पोर नजरंस पडली न्हाय. तिची सासू बी माझ्यासारखीच हाय. सणाला धाडीन म्हनती, आन सण आला की काम काढती." तिनं दिव्याच्या काचेला बोट लावलं. "आमच्यात असला दिवा न्हाय. एक चिमनी हाय, तिला काय बिघडवायचं? असता ना, व्याहीबुवा, तर म्या रोज एक जुडी बांधली असती."

अप्पा उठले. त्यांनी टाकी उचलली, काच उचलली, छत्री फडक्यानं पुसली आणि सगळं एकेक करून बनाबाईपुढं मांडलं. शेवटी साखळ्या.

"घिऊन जा."

"अवं, आन तुमी?"

"मला दिवा कशाला पायजे, विहीणबाई?" अप्पा म्हणाले. "मला लेक पायजे व्हती."

निघालं एकदाचं तोंडातून. बोलून झाल्यावर अप्पा स्वतःच दचकले आणि नेहमीचं खोकल्याचं सोंग करायला गेले, पण खोकल्याऐवजी हुंदकाच आला. प्रयाग सासूकडं न बघता उठली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही. ती बापाला खेटून बसली आणि लहानपणी धरायची तसा त्यांचा अंगठा मुठीत धरून राहिली. द्वारकाबाईनं डोळ्याला पदर लावला. बनाबाई मात्र रडली नाही. ती दिव्याकडं बघून काहीतरी हिशेब करत होती.

"पर छबूला दिव्यातलं ओ का ठो कळत न्हाय," ती म्हणाली. "चूल बी धड पेटवत न्हाय ती."

"तिच्या सासूला कुठं ठावं हाय?" बिरू दारातून म्हणाला. "निरोप म्या नेतो. करमाळ्यापातुर जातो, भाडं नगं."

पहिल्यांदा हसली ती बनाबाईच, आणि अशी हसली की घोंगडीवर आडवी व्हायची बाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाई गाडीत बसली, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला दिवा घेऊन. काच फुटू नये म्हणून बिरूनं बैल अगदी सावकाश हाकायचे असं ठरलं. प्रयाग गाठोडं घेऊन दाराशी आली, तर बनाबाईनं हातानंच तिला मागं सारलं.

"तू ऱ्हा. पंधरा दिस ऱ्हा. झुंबरला मी करून घालीन." मग अप्पांना म्हणाली, "आन व्याहीबुवा, पुढल्या बारीला नुसतं 'धाडा' म्हना. मी धाडीन."

गाडी वळणाआड गेली तरी अप्पा रस्त्यातच उभे होते. प्रयाग मळ्याकडं निघाली आणि चार पावलांवरून तिनं ओरडून विचारलं, "अप्पा, येताय नव्हं?" अप्पा तिच्या मागून गेले.

त्या संध्याकाळी सोप्यात चिमणी लावली. तुळईला नुसतं कडं होतं. चिमणीच्या उजेडात समोरच्या माणसाचं तोंडसुद्धा नीट दिसत नव्हतं. द्वारकाबाईनं तीन ताटं वाढली. अप्पा त्या तिसऱ्या ताटाकडं बघत बघत जेवले, आणि किती दिवसांनी त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.